चित्रात नसलेली बाई

६ जानेवारी

अगं,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. मी हिंडतोफिरतो आहे, गुडघे कुरकुरत का होईना कामावर येतात, आणि घर तू सोडून गेलीस तिथेच आहे.

रविवारी फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण त्याला बोलणं म्हणायचं का? लेक फोन धरणार, जावईबापू मागून डोकं घालणार, पिटुकली पडद्याला नाक लावणार आणि कडेला कुठेतरी तुझा अर्धा कान दिसणार. "जेवलात का?" "जेवलो." "गोळ्या घेता ना?" "घेतो." झाला संवाद. तेवढ्यात पिटुकली नाचून दाखवते आणि सगळे टाळ्या वाजवतात. कागदावर निदान मधे कुणी तोंड घालत नाही.

पिटुकलीच्या जन्माच्या वेळी तू गेलीस तेव्हा चार महिन्यांचं बोलणं होतं. आता पिटुकली शाळेत जाते. मी काही विचारत नाहीये, हे लक्षात घे. सहज मनात आलं म्हणून लिहिलं. तिकडे तुला करमत असेल तर मला आनंदच आहे.

इकडची बातमी अशी की म्हातारपणी मला बालवाडीत घातलंय. आमच्या ग्रंथालयाच्या मोठ्या बाईंच्या लक्षात आलं की अंध वाचकांमध्ये मुलंही असतात आणि त्यांना चित्रांची पुस्तकं कुणी देत नाही. तेव्हा आता तीही ध्वनिमुद्रित करायची. मी म्हटलं, "बाई, चित्र वाचायचं कसं?" म्हणाल्या, "वाचायचं नाही, सांगायचं. दिसतं तेवढं सांगायचं, वाटतं ते सांगायचं नाही." झालं. इतकी वर्षं त्या काचेच्या खोलीत बसून मी कादंबऱ्या वाचल्या, चरित्रं वाचली, एकदा तर घरमालक आणि भाडेकरू यांचा अख्खा कायदा वाचला आणि हूं की चूं केलं नाही. (तू हसते आहेस. बरं, कायद्याच्या वेळी केलं असेल थोडं.) आता मी मांजराचं शेपूट डावीकडे आहे की उजवीकडे ते सांगतो आणि त्याचा पगार घेतो.

पहिलं पुस्तक एका लिफ्टचं. तिला वर-खाली जाऊन कंटाळा येतो आणि एकदा तरी आडवं जावंसं वाटतं. चित्रं झकास. लिफ्टला भुवया काढल्या आहेत, आणि नुसत्या भुवयांवरून ती रुसली आहे हे कळतं. पण शेवटी ती ताळ्यावर येते, माणसं तिला धन्यवाद देतात आणि ती खुशीत वर-खाली करू लागते. मला रागच आला. मुलांना शहाणं करून सोडायची एवढी काय घाई? जाऊ द्यायचं होतं तिला एकदा आडवं. मी आवाजवाल्याला तसं म्हटलं. आवाजवाला म्हणजे यंत्रावर बसणारा आमचा पोरगेला इंजिनिअर, काचेच्या पलीकडे असतो. तो म्हणाला, "काका, पुढचं पान घ्या."

तब्येतीला जप.

२१ जानेवारी

अगं,

लेकीकडून निरोप पोचला. "आई म्हणते, अक्षर जरा मोठं काढा, चष्मा लावूनही लागत नाही." म्हणजे वाचतेस तर. बघ, काढलं मोठं. आता एका पत्राला दुप्पट कागद लागणार.

या आठवड्यात चित्रकथा होती. चौकटी चौकटींची, फुग्यांत बोलणी असलेली. पूर्वी पोरं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची त्यातली, फक्त ही मोठ्या माणसांसाठी आहे म्हणे. गोष्ट एका बाईची. तिला सर्दी झाली की माणसांच्या मनातलं ऐकू येतं. सर्दी बरी झाली की बंद. त्यामुळे ती मुद्दाम ओल्या केसांनी फिरते, बर्फ खाते, शिंकणाऱ्या माणसांच्या शेजारी जाऊन बसते.

वाचताना माझी तारांबळ उडाली. फुगा आला की बोलणं, ढग आला की मनातलं. दोन्हींना वेगळा आवाज हवा. त्यात मधेच मोठ्या अक्षरांत "धप्प" आणि "खळ्ळकन". आवाजवाला म्हणाला, "काका, ते वाचू नका, खरंच काहीतरी फोडू या." मग आम्ही कपाटातली एक फुटकी बशी आणली. ती काही केल्या फुटेना. आधीच फुटलेली वस्तू पुन्हा फुटायला भारी चिवट असते.

त्या बाईला शेवटी नवऱ्याच्या मनातलं ऐकायचं असतं. पुस्तकभर तिला भीती, की त्याच्या मनात दुसरी कुणी असेल. एकदाची सणसणीत सर्दी होते, ती त्याच्याजवळ जाऊन बसते आणि तिला ऐकू येतं, "किल्ली कुठे ठेवली?" पान उलटलं तरी तेच. "किल्ली कुठे ठेवली?" मला इतकं हसू आलं की ध्वनिमुद्रण थांबवावं लागलं. आवाजवाल्याला काही कळेना. त्याचं अजून लग्न व्हायचं आहे.

मग घरी येताना विचार करत होतो, तुला सर्दी झाली असती तर माझं काय ऐकू आलं असतं. बहुतेक किल्लीच. पण सगळाच वेळ किल्ली नव्हती.

तू म्हणायचीस ना, "जगाला वाचून दाखवता आणि घरी आलात की तुमची दातखीळ बसते." अगं, घसा राखावा लागतो. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं आणि आताही हेच सांगतो. दिवसभर पाच माणसांच्या आवाजात बोलल्यावर सहाव्याच्या आवाजात काय बोलणार? हल्ली घसा अगदी ठणठणीत असतो, हेही सांगून टाकतो. घरी त्याला काही कामच नाही.

९ फेब्रुवारी

अगं,

पोरांच्या पुस्तकांतून सुटका म्हणून मोठ्या बाईंनी एक जाडजूड कादंबरी दिली. सुटका कसली, शिक्षाच ती. नायकाची बायको नदीवरच्या बोटीत तिकिटं तपासते. बोट रोज संध्याकाळी या काठाला लागते, थोडा वेळ थांबते आणि परत जाते. बायको बोटीवरच राहू लागली आहे. का, ते लेखक सांगत नाही. हा इसम रोज धक्क्यावर जातो, छत्री धरून उभा राहतो, बोट बघतो आणि घरी येतो. प्रकरणंच्या प्रकरणं हेच. मधे नदीचं वर्णन. मधे छत्रीचं वर्णन. समीक्षकांनी त्याच्या संयमाची फार तारीफ केली आहे, मागच्या पुठ्ठ्यावर छापलंय.

परवा वाचता वाचता माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे गाढवा, तिकीट काढ आणि चढ!" कानात आवाजवाला विचारतो, "काका, हे पुस्तकात आहे का?" म्हटलं, नाही. "मग काढून टाकू?" म्हटलं, टाक. नाइलाज होता.

एक गंमत सांगायची राहिली. आमच्या वाचकांत एक नव्या बाई आल्या आहेत. म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. जन्मांध. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात गेली. आता घरी एकट्या असतात आणि आम्ही काढलेलं सगळं ऐकतात, कायद्यापासून लिफ्टपर्यंत. चूक सापडली की फोन. "तिसऱ्या प्रकरणात खोकलात. खडीसाखर ठेवत जा." "बाविसाव्या मिनिटाला नायिकेचा आवाज मावशीला दिलात." आवाज असा खणखणीत की मी खुर्चीत सरळ बसतो. परवा म्हणाल्या, "तुमच्या आवाजावरून तुम्ही एकटे जेवता." मी म्हटलं, ते कसं काय? म्हणाल्या, "अंदाज. चुकला का?" मी म्हटलं, पुढचं पुस्तक पाठवतो.

स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला. तू त्याच्याशी बोलायचीस, "थांब रे, आले," म्हणून. आता गळत नाही. फार शांत झालाय.

२३ फेब्रुवारी

अगं,

काल रविवारी लेक म्हणाली, "बाबा, आईला इथेच ठेवून घ्यायचं म्हणतोय आम्ही. कायमचं. पुढच्या महिन्यात तिच्या इथल्या राहण्याचे कागद करायला टाकू. तिला पिटुकलीची सवय झालीये, पिटुकलीला तिची. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "बघा, तुम्हाला बरं वाटेल तसं."

तू पडद्यात होतीस. या वेळी चांगली अख्खी दिसत होतीस. मग उठून गेलीस. बहुधा गॅसवर काही असेल.

मी समजूतदारपणे बोललो असं मला वाटलं. लेकही म्हणाली, "थँक्यू बाबा." मग तिने मला तिकडे येऊन राहायचंही विचारलं, मी म्हटलं, बघू. तुला ठाऊक आहे, मला तिकडे जमत नाही. गेलो होतो तेव्हा कोपऱ्यातल्या दिव्यासारखा बसून होतो. कुणी लावलं तर लागायचो.

आज पुस्तकाविषयी काही लिहीत नाही. कादंबरी संपली. तो शेवटपर्यंत चढलाच नाही.

२ मार्च

अगं,

काल फोनवर तू नव्हतीस. "आई कामात आहे," लेक म्हणाली. ठीक आहे.

मी या आठवड्यात एक उद्योग करून बसलोय. अजून कुणाला माहीत नाही. तुला सांगतो, कारण तू तिकडे आहेस आणि मोठ्या बाईंना तू काही फोन करणार नाहीस.

नवं पुस्तक आलं. चित्रांचंच, पण यात शब्द नाहीत. एकसुद्धा नाही. एक म्हातारा, त्याची खोली आणि त्याचा एक दिवस. बस. वाचायला काहीच नाही, सगळं सांगायचं. आता पुस्तक शेवटपर्यंत चाळल्याशिवाय माईकसमोर बसायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. नवीन लोकांना तो मीच शिकवतो. पण म्हटलं, एवढंसं पुस्तक, त्याला काय चाळायचं? बसलो तसाच.

पहिलं चित्र. म्हातारा खुर्चीत बसलाय. अंगात जाड सदरा, पायात मोजे, एका मोज्याला भोक. टेबल आहे, टेबलावर दोन कप आहेत. इथवर सांगितलं आणि अडलो. ऐकणारं पोर विचारणारच ना, दुसरा कप कुणाचा? मी तोंड उघडलं आणि शब्द आपोआप बाहेर पडले. "दुसरा कप त्याच्या बायकोचा. ती आत आहे."

एकदा आली म्हटल्यावर तिला घालवता येईना. दुसऱ्या चित्रात दार अर्धं उघडं होतं. मी म्हटलं, दाराआड ती आहे, नळाशी बोलते आहे. तिसऱ्यात म्हातारा ओणवा होऊन कपाटाखाली काहीतरी शोधतोय. म्हटलं, तिचा चष्मा शोधतोय, आणि चष्मा तिच्याच डोक्यावर आहे, ती हिरवा स्वेटर घालून मागे उभी आहे आणि मुद्दाम सांगत नाहीये. चौथ्यात तो खिडकीशी उभा. ती म्हणते, "लावा ती खिडकी, धूळ येते." आणि तो लावत नाही, तिला जवळ बोलावतो आणि रस्त्यावर काय काय चाललंय ते सगळं सांगतो. छत्री उलटी झालेला माणूस, भांडणारे दोन कुत्रे, पेपर वाचत चालणारी आणि खांबाला धडकणारी बाई. चित्रात नुसता रस्ता आहे. माझा म्हातारा फार बोलका निघाला. थांबेचना. एवढं बोलणं त्याच्या पोटात कुठे साठलं होतं कोण जाणे.

आवाजवाल्याला पान दिसत नाही, त्याला फक्त मी ऐकू येतो. तो मान डोलवत होता. मधेच हसला पण.

शेवटचं पान उलटलं. म्हातारा चित्र रंगवतोय. आणि दुसऱ्या कपात त्याचे ब्रश बुडवलेले आहेत. म्हणजे तो कप पहिल्यापासून ब्रशचा होता. आधी चाळलं असतं तर कळलं असतं.

मी थांबायला हवं होतं. "चुकलं, मागे घे," म्हणायला हवं होतं, तेवढ्याचाच तर मी पगार घेतो. मी म्हणालो, "ती त्याच्या मागे उभी राहून चित्र बघते आहे. म्हणते, या वेळी बरं जमलंय."

आवाजवाला म्हणाला, "काका, तुमचं आजवरचं सगळ्यात भारी काम."

१९ मार्च

अगं,

भांडं फुटलं. पुस्तक सगळीकडे गेलं आणि म्हणे फार आवडलं. मग एका मुलीच्या आईचा फोन आला. मुलगी अंध, आईला दिसतं. आईने छापील पुस्तकही आणलं होतं. दोघी मांडी घालून बसल्या, आईने पानं उलटायची आणि मुलीने ऐकायचं. मधेच मुलीने हात पुढे केला आणि म्हणाली, "आई, माझं बोट त्या आजीवर ठेव."

आईने शोधलं. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. दोन पानं चिकटली आहेत की काय म्हणून नखाने सोडवून बघितली. मुलीचं बोट तसंच हवेत. शेवटी तिने ते कुठेतरी टेकवलं आणि मग आम्हाला फोन केला. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "मला तिच्याशी खोटं बोलावं लागलं."

मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. पुस्तक पुढ्यात होतं.

"ही बाई कोण?"

"कुठली?"

"हिरव्या स्वेटरातली. चष्मा डोक्यावर ठेवून नवऱ्याला शोधायला लावणारी."

"चुकून आली."

"अहो, खोकला चुकून येतो. अख्खी बाई चुकून येते?"

 त्यांनी पुस्तक मिटलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दुसरे कुणी असतात तर मी उद्यापासून येऊ नका म्हटलं असतं. मुलं आपल्या डोळ्यांवर विसंबून असतात. पुन्हा ध्वनिमुद्रित करा. तिला काढा." त्यांचं बरोबर आहे. त्या मुलीचं बोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आज काढलं तिला. पहिल्या पानापासून.

ते कसं झालं ते तुला सांगतो, पण फार नाही. "म्हातारा खुर्चीत बसला आहे. टेबलावर दोन कप आहेत." पुढे चला. "दार अर्धं उघडं आहे. आत कुणी दिसत नाही." हे वाक्य मला दोनदा घ्यावं लागलं. "म्हातारा कपाटाखाली काहीतरी शोधतो आहे." काय शोधतोय ते चित्रात नाही. "म्हातारा खिडकीशी उभा आहे." बस, उभा आहे. कुणाला काही सांगायचं नाही, त्यामुळे तोंड मिटलेलं. ते मात्र चित्रात स्पष्ट आहे, मीच आधी बघितलं नव्हतं. शेवटच्या पानावर तो रंगवतोय आणि मागे भिंत आहे.

आधीच्यापेक्षा निम्म्या वेळात पुस्तक संपलं.  आवाजवाला खाली जाऊन चहा घेऊन आला आणि न विचारता माझ्यापुढे ठेवला. मला फार एकटं वाटलं, गं. घरी वाटतं त्याची मला सवय झालीये, पण कामावर कधी वाटलं नव्हतं.

लेक म्हणत होती, कागदांचं काम या आठवड्यात होईल.

२७ मार्च

अगं,

आज सकाळी टेलिफोनवाल्या बाईंचा फोन. त्यांनी जुनं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं आणि आता नवंही ऐकलं. मी खडीसाखरेची तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "त्या बाई कुठे गेल्या?"

मी नियम सांगितला. चित्रात नव्हत्या, माझी चूक झाली, दुरुस्त केली.

"ते मला मोठ्या बाईंनी सांगितलं. मी ते विचारत नाहीये. त्या बाई कुठे आहेत?"

आवाजवाला काचेपलीकडे कानाला काही लावून बसला होता, त्याला ऐकू जात नव्हतं. मी म्हणालो, "लेकीकडे."

"कधी येणार?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"का?"

 तुला बरं वाटावं म्हणून, असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे हे त्यांना ऐकू आलं असतं. खरं एवढंच की तू 'नाही' म्हणशील याची मला भीती वाटते. न विचारलेलं असलं की तू नुसती गेलेली असतेस. विचारलं आणि 'नाही' आलं की तू सोडून गेलेली होतेस.

 मग बाईच म्हणाल्या, "मी लोकांचे फोन जोडून द्यायचे. लांबचे, महागाचे. माणसं हवापाणी विचारायची, बाळाचे दात विचारायची, आणि वेळ संपत आली की म्हणायची, बरं, ठेवतो. कशासाठी फोन केला होता ते तसंच राहायचं. मला आत शिरून ओरडावंसं वाटायचं. तेव्हा परवानगी नव्हती. आता मी निवृत्त आहे." आणि फोन ठेवला.

म्हणून लिहितोय. जेवणाच्या सुट्टीत, त्याच काचेच्या खोलीत बसून.

त्या रविवारी मी म्हणालो, तुम्हाला बरं वाटेल तसं बघा. ते खोटं होतं. मला बरं वाटणार नाही. मला तू इथे हवी आहेस. पिटुकलीला तू हवी आहेस हे मला समजतं आणि तरीही मला तू हवी आहेस. मी तुझ्याशिवाय मरणार नाही. गोळ्या घेईन, कामावर येईन, रविवारी टाळ्या वाजवीन. पण संध्याकाळी मी घरी जातो तेव्हा तोंड उघडायला तिथे कारण नसतं, आणि तू होतीस तेव्हा कारण होतं आणि मी उघडलं नाही. पुस्तकातला म्हातारा तिला खिडकीशी बोलावून जे जे सांगत होता, ते सगळं मी कधी ना कधी घरी येताना बघितलेलं आहे. खांबाला धडकलेली बाईसुद्धा. जिना चढेपर्यंत ते तोंडात असायचं. दार तू उघडायचीस आणि मी म्हणायचो, पाणी दे.

तू आलीस तर मी त्या म्हाताऱ्याएवढा बोलेन असं वचन देत नाही. एवढ्या वर्षांचं गंजलेलं बिजागर आहे, करकरत करकरतच उघडेल. पण रोज थोडं बोलेन. तू ऐकत नसलीस तरी बोलेन, तू म्हणशील आता पुरे, तोवर बोलेन.

आणि तुझं उत्तर 'नाही' असेल तर ते तू सांग. लेकीकडून निरोप नको. एखाद्या मधल्या वारी, घरात कुणी नसताना फोन कर, किंवा कागदावर लिही, बारीक अक्षरात लिहिलंस तरी मी लावीन. फक्त 'बघू' म्हणू नकोस. तो शब्द माझा आहे आणि त्याने काय होतं ते मी बघितलंय.

हे पत्र मी पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर मला चुका दिसतील, मग मी त्या काढीन, आणि काढता काढता खाली लिहिलेलं वाक्यही काढून टाकीन.

परत येतेस का?